कार्डिंगच्या धुळीने आयुष्य कमी होतं का? वडिलांसाठी विचारलेल्या प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील ५३ वर्षांचे, २७ वर्षं सूतगिरणीत, सुरुवातीची काही वर्षं ब्लोरूमला (गाठीतला कापूस मोकळा करून साफ करतात ते खातं) आणि नंतर कार्डिंगला (कापूस विंचरतात ते खातं). आठवड्याची सुट्टी संपवून कामावर गेले की त्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दम लागतो, आणि आठवडा पुढे सरकला की बरं वाटतं. एक्स-रे नॉर्मल आला, डॉक्टर म्हणाले सिगारेट सोडा. मग तुम्ही नेटवर शोधलं तर एकीकडे वाचलं की गिरणी कामगार लवकर जातात आणि दुसरीकडे वाचलं की कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर उलट कमी होतो, एकूण मृत्यूही काही जास्त नसतात. आता त्यांना नोकरी सोडायला लावायची का हे तुम्हाला ठरवायचंय.

मी व्यवसायजन्य आजारांची डॉक्टर आहे, सूतगिरण्या आणि प्रोसेस हाउसमधल्या कामगारांच्या तपासण्या करणं हेच माझं काम. आधी एक सांगते, तुम्ही वाचलेल्या दोन्ही गोष्टींना आधार आहे, पण त्यातल्या एकीनेही तुमचा निर्णय होणार नाही. मृत्यूचे आकडे हजारो लोकांच्या गटाचे असतात. तुम्हाला कळायला हवं ते वेगळंच, की वडिलांची फुफ्फुसं दरवर्षी किती घसरतायत आणि तो वेग कमी करायला अजून वाव आहे का. हे मोजता येतं, आणि बहुतेक वेळा कोणी मोजलेलंच नसतं. अर्थात बरंच काही परिस्थितीवर आहे, ते किती ओढतात, गिरणीत कोणत्या प्रतीचा कापूस येतो, कार्डवर धूळ ओढून घेणारी यंत्रणा खरंच चालते की फक्त बसवलेली आहे, लहानपणी दमा होता का, या सगळ्यावर उत्तर बदलतं. म्हणून मी इथे निकाल देत नाहीये, विचार कसा करायचा ते सांगतेय.

पहिल्या दिवशीच्या त्रासापासून सुरू करू, कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची माहिती तीच आहे आणि बहुधा डॉक्टरांना ती कोणी सांगितलीच नसेल. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी कामावर गेल्यावर काही तासांनी छाती आवळणं आणि मग आठवडाभरात ते कमी होत जाणं, हे बिसिनोसिसचं वळण आहे, म्हणजे कापूस, जवसासारख्या तंतूंच्या धुळीने होणारा श्वासनलिकांचा आजार. कामामुळे होणारा नेहमीचा दमा साधारण उलटा चालतो, रोज थोडा थोडा वाढत आठवड्याच्या शेवटी सगळ्यात वाईट आणि सुट्टीत बरा. त्यामुळे त्रास कोणत्या वारी होतो हा प्रश्न साधा वाटला तरी मी सगळ्यात आधी तोच विचारते.

हे असं का होतं? धुळीतल्या नुसत्या रुईमुळे नाही. कापसाबरोबर बोंडाखालच्या सुकलेल्या पानांचा चुरा येतो, त्यावर जिवाणू वाढलेले असतात आणि त्या जिवाणूंच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचा घटक असतो. तो श्वासातून गेला की श्वासनलिकांना सूज येते, त्या आकसतात. रोज रोज मारा झाला की शरीर काही प्रमाणात त्याला सरावतं, सुट्टी पडली की तो सराव सुटतो आणि पहिल्या दिवशी पुन्हा झटका बसतो. म्हणजे आठवड्याच्या मध्यात बरं वाटतं तेव्हा इजा थांबलेली असते असं समजू नका, शरीराने तक्रार करणं कमी केलेलं असतं एवढंच. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात स्वयंसेवकांना मुद्दाम उभारलेल्या कार्डरूममध्ये बसवून श्वास मोजला होता, त्यात श्वासातली घट धुळीच्या वजनापेक्षा धुळीतल्या एंडोटॉक्सिनशी जास्त जुळली. म्हणूनच दोन गिरण्यांमध्ये धूळ मोजली तर सारखी भरते आणि त्रास मात्र एकीत जास्त असतो. हलक्या प्रतीचा, पानकचरा जास्त असलेला कापूस आला की त्या महिन्यात कामगार जास्त खोकतात, हे ब्लोरूमचा कुठलाही जुना माणूस मीटर न लावता सांगेल.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. दगड-वाळूच्या धुळीने होणारा सिलिकोसिस एक्स-रेत दिसतो, बिसिनोसिसची अशी खास खूण एक्स-रेत नसते. फुफ्फुसाचा तुकडा काढून तपासला तरी जुनाट ब्राँकायटिससारखंच दिसतं. टीबी किंवा दुसरं काही नाही ना हे बघायला एक्स-रे हवाच, पण धुळीचा प्रश्न त्याने सुटत नाही. निदान होतं ते कामाचा इतिहास, वार आणि श्वासाची तपासणी या तिघांवरून.

रिचर्ड शिलिंग या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५० च्या दशकात लँकेशायरच्या गिरण्यांमध्ये याच्या पायऱ्या लावल्या आणि आजही त्याच वापरतात. अधूनमधून एखाद्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी आवळलं तर अर्धी पायरी, दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी आवळलं तर पहिली, पहिल्या दिवसाबरोबर इतर दिवशीही व्हायला लागलं तर दुसरी, आणि त्यासोबत श्वासाची क्षमता कायमची उतरली तर तिसरी. तुम्ही लिहिलंय त्यावरून वडील पहिल्या पायरीवर वाटतात, पण त्यांना नीट विचारा. घरातला माणूस विचारतो तेव्हा वडीलमंडळी हमखास कमी करून सांगतात. मंगळवार-बुधवारीही होतं का, जिना चढताना बरोबरीच्या माणसापेक्षा मागे पडतात का, रात्री खोकल्याने जाग येते का, असं एकेक करून विचारा.

आता मृत्यूंकडे येते. जगात गिरणी कामगारांच्या मृत्यूंचे जे अभ्यास झाले त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत एकूण मृत्यू सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त निघालेले नाहीत, काहींत तर कमी निघाले. हे वाचून गिरणी मालक खूष होतात आणि कामगार म्हणतात आकडे खोटे आहेत. आकडे खोटे नसतात, तुलना फसवी असते. सर्वसाधारण लोकांमध्ये अंथरुणाला खिळलेले, जन्मापासून आजारी, कामच न करू शकणारे असे सगळे येतात. गिरणीत भरती होतो तो मुळात धडधाकट माणूस, त्यामुळे सुरुवातीलाच तो सरासरीच्या पुढे असतो. मग पहिल्या काही वर्षांत ज्यांना धूळ सोसत नाही ते काम सोडतात, आणि वीस वर्षांनी आम्ही जाऊन ज्यांना तपासतो ते सोसणारेच उरलेले असतात. नापास होऊन शाळा सोडलेली मुलं वगळून शाळेचा निकाल लावला तर तो चांगलाच लागणार, तसं हे. आमच्याकडे याला निरोगी कामगार परिणाम म्हणतात. म्हणून कुठलाही अभ्यास हातात आला की मी आधी दोन गोष्टी बघते, काम सोडून गेलेल्यांचा माग काढला होता का, आणि तुलना कोणाशी केली होती.

तुलनेने किती फरक पडतो याचं माझं आवडतं उदाहरण कापसाचं नाही, व्हिस्कोसचं आहे. व्हिस्कोस रेयॉन, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासूनचा कृत्रिम धागा, बनवताना कार्बन डायसल्फाइड वापरतात आणि त्याने हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब होतात. ब्रिटनमध्ये १९६८ साली या कामगारांमध्ये हृदयविकाराने मृत्यू जास्त असल्याचं प्रसिद्ध झालं. फिनलंडमध्ये संशोधकांनी व्हिस्कोसच्या ३४३ कामगारांची तुलना सर्वसाधारण लोकांशी न करता कागद गिरणीतल्या तितक्याच कामगारांशी केली, म्हणजे धडधाकट कामगार विरुद्ध धडधाकट कामगार. सुरुवातीच्या वर्षांत हृदयविकाराच्या मृत्यूचा धोका जवळजवळ पावणेपाच पट निघाला. मग १९७२ मध्ये हवेतल्या त्या रसायनाची मर्यादा खाली आणली, ज्यांना जास्त धोका होता त्यांना त्या कामातून हलवलं, आणि नंतरच्या वर्षांत तो जादा धोका उरलाच नाही. हा अभ्यास मी कामगारांना आणि मॅनेजरांना, दोघांनाही सांगते. कामगारांना यासाठी की नुकसान झालं म्हणजे सगळं संपलं असं नसतं, आणि मॅनेजरांना यासाठी की हवा सुधारली की मृत्यू कमी होतात हे इतकं स्वच्छ फार कमी ठिकाणी दिसलंय.

फुफ्फुसाच्या कॅन्सरचं तुम्ही वाचलंत ते बहुतेक शांघायच्या अभ्यासातून आलं असणार. तिथे कापड उद्योगातल्या २,६७,४०० बायकांचा वर्षानुवर्षं माग ठेवला होता आणि एंडोटॉक्सिनचा जास्त संपर्क आलेल्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर कमी दिसला. त्याआधी इतर देशांतल्या कापूस कामगारांमध्येही असंच दिसलं होतं. एक अंदाज असा की एंडोटॉक्सिनने प्रतिकारशक्ती सतत जागी राहते. असेलही. पण त्या बायकांमध्ये सिगारेट ओढणाऱ्या फारच थोड्या होत्या आणि तुमचे वडील ओढतात, त्यामुळे हा निष्कर्ष त्यांना सरळ लावता येत नाही. शिवाय कॅन्सर थोडा कमी आणि दम कायमचा गेलेला, हा काही फायद्याचा सौदा नाही. आणि हे फक्त कापसापुरतं आहे बरं का. अॅस्बेस्टॉसचं सूत आणि कापड बनवणाऱ्या कामगारांमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण भयंकर होतं, तेही कापडच. त्यामुळे कापड कामगारांना कॅन्सर कमी होतो असं सरसकट वाक्य कोणी टाकलं तर आधी विचारा, कोणतं कापड आणि कोणतं खातं.

अजून एक गोष्ट आकड्यांत लपते. मृत्यूच्या दाखल्यावर बिसिनोसिस असं लिहिलेलं मी क्वचितच बघितलंय. माणूस निवृत्त झाल्यावर दहा-पंधरा वर्षांनी जातो, दाखल्यावर सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) किंवा हृदय बंद पडलं असं लिहितात, तो सिगारेट ओढत असेल तर विषयच संपला. तो कुठल्या खात्यात होता हे लिहायला दाखल्यावर जागाच नसते आणि असली तरी घरचे निवृत्त एवढंच सांगतात.

मग विश्वास कशावर ठेवायचा? माझा विश्वास श्वासाच्या आकड्यांवर आहे. शांघायमध्येच १९८१ पासून दुसरा एक अभ्यास चालू झाला, ४४७ कापूस कामगार आणि ४७२ रेशीम कामगार, रेशीम यासाठी की काम तसंच पण धुळीत एंडोटॉक्सिन नगण्य. त्यात निवृत्त झालेल्यांचा आणि सोडून गेलेल्यांचाही माग ठेवला. कापूसवाल्यांची श्वासाची क्षमता रेशीमवाल्यांपेक्षा जास्त वेगाने घसरली, पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी मोजलेल्या श्वासात ज्यांना जास्त फरक पडत होता त्यांची पुढच्या वर्षांतली घसरणही जास्त निघाली, आणि धुळीतून बाहेर पडल्यावर वेग मंदावला, सिगारेट न ओढणाऱ्यांना त्याचा जास्त फायदा झाला. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे स्पायरोमेट्री, यंत्रात फुंकून श्वास मोजायची तपासणी, पण नेहमीसारखी कुठल्यातरी दिवशी जाऊन फुंकून यायची नाही. सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी एकदा, आणि त्याच दिवशी काम सुरू झाल्यावर चार ते दहा तासांच्या आत पुन्हा एकदा. पहिल्या मोजणीच्या आधी किमान ३५ तास धुळीपासून लांब असायला हवं, म्हणजे सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइम केला असेल तर त्या दिवसाची मोजणी फुकट गेली. अमेरिकेच्या कापूस धुळीच्या नियमात हेच दिलंय आणि मीही तसंच करते. बघायचा आकडा एफईव्ही-१, म्हणजे जोरात फुंकताना पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते. समजा सकाळी २.६० लिटर भरला आणि दुपारी २.४० तर २०० मिलीची घट झाली, साडेसात टक्क्यांच्या वर. ५ टक्के किंवा २०० मिली घट झाली तर मी त्या माणसाला वर्षाऐवजी सहा महिन्यांनी परत बोलावते आणि त्याच्या कामाच्या जागेकडे बघायला लागते. १० च्या वर गेली तर थांबायचं नाही, खातं बदलायची चिठ्ठी लगेच.

लॅबवाले बऱ्याचदा रिपोर्टवर नुसतं नॉर्मल किंवा माइल्ड ऑब्स्ट्रक्शन लिहून देतात, तेवढ्यावर घरी येऊ नका. लिटरमधले आकडे आणि आलेख मागून घ्या. किमान तीन चांगल्या फुंका झालेल्या हव्यात आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या दोन फुंकांमध्ये १५० मिलीपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर माणसाने जोरच लावलेला नाही असं समजायचं. उंची मोजून घ्यायला सांगा, विचारून नको. इन्हेलर चालू असेल तर मोजणीआधी किती तास थांबायचं ते डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. आणि अपेक्षित आकड्याच्या इतके टक्के असं जे लिहून येतं ना, तो अपेक्षित आकडा मशीनमध्ये कोणत्या देशातल्या लोकांवरून भरलाय यावर टक्के बदलतात, त्यामुळे माझ्या मते वडिलांचा स्वतःचा जुना आकडा हीच खरी मोजपट्टी. गिरणीत दरवर्षी मेडिकल होत असेल तर जुने रिपोर्ट मिळवा, दहा वर्षांपूर्वीचा एक कागद सापडला तरी सोनं आहे.

जुना का म्हणते ते सांगते. वयानुसार प्रत्येकाचा हा आकडा वर्षाला साधारण २५ ते ३० मिलीने उतरतोच. धुळीने आणि सिगारेटने हा उतार त्याच्या दुप्पटही होऊ शकतो. पण एका मोजणीतच १००-१५० मिलीचा चढउतार असतो, म्हणजे या वर्षी आणि पुढच्या वर्षी मोजून घसरण किती हे ठरवता येत नाही, चार-पाच वर्षांची रांग लागते. ती रांग नसेल तर पाळीच्या आधी-नंतरची जोडमोजणी हाच जवळचा मार्ग. लॅबला त्या वेळेत जाणं जमत नसेल तर पीक फ्लो मीटर (फुंकेचा वेग दाखवणारं छोटं उपकरण) घ्या, दिवसातून चार वेळा, तीन-चार आठवडे, सुट्टीच्या दिवसांसकट, आणि वेळेसोबत खातं, पाळी, धूळ जास्त होती की कमी हेही लिहा. स्पायरोमेट्रीइतकं पक्कं नाही, पण अशी वही घेऊन आलेल्या माणसाचं निदान मला लवकर करता आलंय.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर, लक्षणं बिसिनोसिसकडे बोट दाखवतात, एक्स-रेने ते नाकारता येत नाही, मृत्यूच्या आकड्यांत घाबरण्यासारखंही काही नाही आणि निर्धास्त होण्यासारखंही काही नाही, आणि पुढचा निर्णय जोडमोजणीवर घ्यायचा.

आता नोकरीचं. नोकरी सोडणं आणि धूळ सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घरात वाद होतो तो बहुधा या दोन्ही एकच समजल्यामुळे. ५३ व्या वर्षी पगार बंद झाला तर त्याचाही तब्येतीवर परिणाम होतो, औषधं सुटतात, माणूस कुठल्यातरी त्याहून वाईट धुळीत रोजंदारीला जातो, हे मी बघितलंय. म्हणून माझं पहिलं मागणं नेहमी खातं बदलण्याचं असतं. सूतगिरणीत सगळ्यात जास्त धूळ गाठी फोडणं, ब्लोरूम, कार्डिंग आणि वेस्ट (टाकाऊ रुई) गोळा करण्याच्या जागी. कार्डिंगनंतरच्या ड्रॉ फ्रेम मशीनपासून पुढे सरकत जाल तशी ती साधारण कमी होत जाते, पॅकिंग, गोदाम, टेस्टिंग लॅब इथे आणखी कमी. अमेरिकेच्या नियमात सूत बनवण्याच्या खात्यांना आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला २०० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, वेस्ट हाउसला ५००, सायझिंग (सुताला खळ लावणं) आणि विणाईला ७५०. वाचून वाटेल की विणाईत जास्त धूळ चालते म्हणजे ती जागा वाईट, पण तिथल्या धुळीत अपायकारक भाग कमी असतो म्हणून मर्यादा सैल आहे. फक्त एक सावधगिरी, आजारी माणसाला हलकं काम म्हणून झाडलोट किंवा वेस्टला लावतात, ते हलकं दिसतं आणि छातीला सगळ्यात जड जातं. असा बदल मिळत असेल तर घेऊ नका. विणाईला गेले तर कानांची काळजी घ्या, लूम शेडचा आवाज सहज ९० डेसिबलच्या वर असतो आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

आकडे आल्यावर मी साधारण असं बघेन. एफईव्ही-१ अपेक्षेच्या ८० टक्क्यांच्या वर आणि दिवसातली घट कमी असेल तर त्याच गिरणीत राहायला हरकत नाही, धूळ कमी करायच्या उपायांसकट आणि दरवर्षी मोजत. ८० च्या खाली असेल किंवा दिवसातली घट ठळक असेल तर ब्लोरूम-कार्डिंग बंद, खातं बदला, सहा महिन्यांनी मोजा. ६० च्या खाली असेल, किंवा खातं बदलूनही घसरण चालूच राहिली, तर मात्र धुळीच्या कामातून पूर्ण बाहेर, तिथे मी पगाराचाही विचार पुढे ढकलते. निवृत्तीला चार-पाच वर्षं राहिलीत, काढतील कशीबशी, असं घरचे म्हणतात, पण घसरलेला श्वास बहुतांशी परत मिळत नाही, उरलेला टिकवायचा असतो, त्यामुळे ती चार-पाच वर्षं स्वस्त नसतात.

सिगारेटबद्दल तुमचे डॉक्टर बरोबर आहेत, फक्त अपुरे आहेत. धूर आणि धूळ दोन्ही एकाच नळीवर मारा करतात, एक थांबवलं तरी दुसरं चालूच राहतं. पण सिगारेट सोडणं हे आजपासून आणि कोणाच्या परवानगीशिवाय करता येतं, खातं बदलायला महिने लागतात, म्हणून ती आधी. मास्कचं म्हणाल तर तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क या बारीक धुळीला पुरत नाही. नीट बसणारा एन-९५ उपयोगी आहे, दाढी असेल तर तो बसत नाही, आणि गिरणीतल्या उष्ण दमट हवेत आठ तास कोणी तो घालून राहत नाही हे वास्तव आहे. म्हणून मास्क गाठी फोडताना, कार्ड साफ करताना, अशा ठरावीक कामांना आग्रहाने घालायला लावा. आणि एक सवय आजच मोडायला सांगा, पाळी संपताना अंगावरची रुई उडवायला तो कॉम्प्रेसरचा हवेचा पाइप अंगावर धरतात ना, ती. दिवसभरात खाली बसलेली सगळी धूळ तेव्हा नाकासमोर उभी राहते, शेजारच्याच्याही. मशीन साफ करायलाही हवा मारण्यापेक्षा शोषून घेणारं यंत्र हवं, आणि हवाच मारायची तर बाकीच्यांनी बाहेर जायचं.

इतर खात्यांतले लोकही हे वाचत असतील म्हणून थोडक्यात, कारण कापड उद्योगात जीव जातो तो प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वाटेने. रंगकामात बेंझिडिनपासून बनणाऱ्या रंगांचा संबंध मूत्राशयाच्या कॅन्सरशी आहे, लघवीत रक्त दिसलं आणि दुखत नसलं तरी दाखवा. जीन्सला जुनाट लूक देण्यासाठी वाळू मारण्याचं काम कोणी करत असेल तर ते आजच सोडा, तुर्कस्तानात या कामाने तरुण मुलांना काही वर्षांतच सिलिकोसिस झाला, मृत्यू झाले आणि २००९ मध्ये तिथे त्यावर बंदी आली. स्पेनमध्ये १९९२ साली कापडावर रंग फवारणाऱ्या कामगारांची फुफ्फुसं एका रसायनाने निकामी होऊन सहा जण गेले, तेच रसायन आधी लेप म्हणून वापरत होते, फवारायला लागल्यावर ते श्वासात गेलं, म्हणून पद्धत बदलली की जुनं रसायनही नवं समजायचं. शिलाईच्या कारखान्यांत तर आजारापेक्षा आगीची आणि इमारतीचीच भीती जास्त, २०१२ मध्ये कराचीच्या एका कारखान्यात अडीचशेच्या वर माणसं आगीत गेली आणि २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा पडून १,१३४, त्यामुळे बाहेर पडायचा दरवाजा कामाच्या वेळेत उघडा असतो का हे बघणं हाही तब्येतीचाच प्रश्न आहे.

परत तुमच्या वडिलांकडे. डॉक्टरांकडे पुन्हा जाताना एका कागदावर हे लिहून न्या: कोणत्या साली कोणतं खातं, सुट्टी कोणत्या वारी, त्रास कोणत्या वारी आणि काम सुरू झाल्यावर किती तासांनी, सिगारेट दिवसाला किती आणि किती वर्षं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणीही करून घ्या, धुळीचा खोकला आहे म्हणून टीबी राहून जायला नको आणि टीबीच आहे असं धरून धूळ राहून जायला नको. शक्य असेल तर छातीच्या डॉक्टरांसोबत व्यवसायजन्य आजारांच्या डॉक्टरांनाही दाखवा. बिसिनोसिस अनेक देशांत नुकसानभरपाईच्या यादीत आहे, पण मुदती आणि अटी ठिकठिकाणी वेगळ्या असतात आणि खात्याचा लेखी पुरावा लागतोच, म्हणून वडील नोकरीत आहेत तोवर हजेरीपट, बदलीचे आदेश, मेडिकलचे रिपोर्ट यांच्या प्रती घरी आणून ठेवा, सोडल्यावर ते कागद मिळवणं फार अवघड जातं. जोडमोजणी झाली की दोन्ही वेळचे एफईव्ही-१ आणि एफव्हीसी (पूर्ण फुंकेत एकूण बाहेर पडलेली हवा) लिटरमध्ये, वय, उंची आणि त्या दिवशी काम कोणत्या मशीनवर होतं एवढं इथेच खाली लिहा, बघून सांगते.